पात्रतेचा उंबरठा : परभणी जिल्हा आणि विद्यापीठीय प्रमाणपत्रे

विद्यापीठांचे इतिहास बहुधा पदव्यांच्या अंगाने लिहिले जातात. प्रमाणपत्र-अभ्यासक्रमांना त्यांत स्थान मिळाले तर ते परिशिष्टात मिळते. वस्तुतः विद्यापीठाने आपला विद्यार्थी कोण मानला आणि कोणास दाराबाहेर ठेवले, हे पदव्यांच्या यादीपेक्षा प्रवेशाच्या अटींवरून अधिक स्पष्ट होते; आणि प्रमाणपत्र हा या अटींचा सर्वांत खालचा उंबरठा होय. परभणी जिल्ह्याचा विचार या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘सनद’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि दीर्घकाळ वतन-इनामांच्या कागदपत्रांशी निगडित राहिला. उर्दूत मात्र तो विद्येच्या क्षेत्रातही रूढ आहे. पदवीदान समारंभास त्या भाषेत ‘जल्सा-ए-तक्सीम-ए-अस्नाद’ म्हणतात, आणि ‘अस्नाद’ हे ‘सनद’चेच अनेकवचन होय. ‘प्रमाणपत्र’ हा संस्कृतावरून घडविलेला शब्द आहे, तर ‘पदविका’ हा पदवीस लघुत्ववाचक प्रत्यय लावून सिद्ध झालेला आहे. धाकटेपण असे शब्दाच्या घडणीतच आले. ग्रामीण बोलण्यात मात्र या सर्वांना मिळून एकच शब्द पुरतो, तो म्हणजे ‘दाखला’.

निजामाच्या राजवटीत परभणीच्या विद्यार्थ्यापुढील पहिली अट भाषेची होती. उस्मानिया विद्यापीठाची सनद 1918 साली निघाली व पुढील वर्षी तेथे अध्यापन सुरू झाले. देशी भाषेतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी स्थापन झालेल्या भाषांतर-विभागाचे कार्य भाषाभ्यासकांनी आजही अभ्यासावे असे आहे. परंतु देशी भाषा म्हणजे उर्दू. मराठी मातृभाषेच्या मुलास ती परभाषाच होती, आणि इंग्रजी तर आवश्यक विषय म्हणून होतीच. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. अशा स्थितीत नियमावलीत न लिहिलेल्या अटीच अधिक जाचक ठरतात. 1948 नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, म्हणजे मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने कुलूप बदलले, दार होते तेथेच राहिले. औरंगाबाद येथे 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा निदान अंतर कमी झाले.

परभणी गावात विद्या आली ती शेतीच्या वाटेने. येथील प्रयोगक्षेत्र 1918 पासूनचे. कापूस, ज्वारी व फळझाडे यांवर तेथे संशोधन चाले, पण शिक्षणाची सोय नव्हती. कृषी महाविद्यालय 1956 साली निघाले आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. (2013 पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते.) पदवीच्या खाली, दहावी उत्तीर्ण मुलांसाठी, दोन वर्षांचा मराठी माध्यमाचा कृषी पदविका-अभ्यासक्रम राज्यातील कृषी विद्यापीठांनी चालविला. कृषी पदवीच्या प्रवेशासाठी सात-बाराचा उतारा, किंवा भूमिहीन शेतमजूर असल्याचा दाखला, जोडणाऱ्यास जादा भारांक देण्याची पद्धतही उल्लेखनीय आहे. गुणपत्रिकेशेजारी तलाठ्याचा कागद ठेवण्याची ही रीत विद्यापीठीय परंपरेत विरळाच. तथापि दहावीची अट येथेही होतीच, आणि जो चौथी-सातवीतच शाळेतून उठून औताच्या मागे गेला, त्याचा प्रश्न तिने सुटत नव्हता.

तो प्रश्न 1 जुलै 1989 रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हाताळला. त्याचा ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. औपचारिक शालेय दाखल्याची अट त्यास नव्हती. वयाची अठरा वर्षे पूर्ण असावीत आणि मराठी लिहिता-वाचता यावे, एवढे पुरे होते. तो उत्तीर्ण होणाऱ्यास पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश मिळे. उस्मानियाच्या काळात ज्या मराठीमुळे विद्यार्थी मागे राहत होता, तीच आता एकमेव पात्रता झाली! परभणी जिल्हा या विद्यापीठाच्या नांदेड विभागीय केंद्राच्या कक्षेत आला. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना व शेतीत अडकलेल्या प्रौढांना अशा योजनेने काय लाभले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पण मर्यादाही नमूद केली पाहिजे. पूर्वतयारी ही दहावी वा बारावीस समकक्ष मानली गेली नाही. शिक्षणासाठी तिची पात्रता चाले, शालान्त दाखला मागणाऱ्या नोकरीसाठी ती चालत नसे. ज्ञानाचा दरवाजा उघडला, कचेरीचा तसाच राहिला. दोष विद्यापीठाचा म्हणता येत नाही. प्रमाणपत्राचे मोल देणारा नव्हे, तर घेणारा ठरवितो.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाल्यावर परभणीची पारंपरिक महाविद्यालये त्यास जोडली गेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र ‘प्रमाणपत्र’ या शब्दाचा अर्थच पालटला आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचे 40 श्रेयांक मिळवून, शिवाय 4 श्रेयांकांचे व्यावसायिक शिक्षण अथवा कार्यानुभव पूर्ण करून जो बाहेर पडेल, त्यास प्रमाणपत्र. दुसऱ्या वर्षानंतर पदविका. तीन वर्षांच्या आत त्याने परतावे व एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी मुभा आहे. यासाठी प्रारंभीची पात्रता अर्थातच बारावी. पूर्वीचे प्रमाणपत्र दाराबाहेरच्या माणसाला आत घेण्यासाठी होते. हे नवे प्रमाणपत्र आत आलेल्यास बाहेर जाताना दिले जाते. जिंतूर वा गंगाखेडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीस वर्षाअखेर घरी परतावे लागले, तर तिच्या हाती आता रिकामेपण नसेल, हे खरे. ती परत येऊ शकली की नाही, हे मात्र सात वर्षांनंतरच्या नोंदवह्या सांगतील, आणि त्या नोंदवह्यांत परतलेल्यांचा रकाना वेगळा ठेवण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे.