अमझेरा ते थ्रॅश : एका कर्कश नादाची नोंद

माळव्यातील मराठी घराण्यांचा इतिहास सांगू लागणारा प्रत्येक जण अमझेऱ्यापाशी येतो, आणि ते योग्यच आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने येथे मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. तो आणि त्याचा आप्त दया बहादूर दोघेही पडले. उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर या मोहिमेत होते. पुढे पवार धार-देवासला, होळकर इंदूरला आणि शिंदे उज्जैनला स्थिरावले. त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, वैद्य, गवई आले. आपण त्यांचे वंशज. सत्तावनच्या उठावानंतर राणा बख्तावरसिंहांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फाशी झाली व अमझेरा शिंद्यांकडे गेला, येथवरही आपले लेखक येतात. १९४८ साली मध्यभारत राज्य झाले की त्यांची लेखणी थांबते. त्यापुढच्या काळाबद्दल फार तर नाट्यमंडळे, गणेशोत्सव आणि संगीतसभा यांचे चार परिच्छेद मिळतात.

या परिच्छेदांत एक नाद कधीच ऐकू येत नाही. आपल्याच घरांतील मुलांनी दारे लावून, विजेच्या गिटारीवर काढलेला तो नाद आहे. त्याला हेवी मेटल म्हणतात, आणि त्याच्या सर्वांत वेगवान जुन्या शाखेला थ्रॅश. या नियतकालिकात असा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. प्रस्तुत लेखकाची नोकरी शासनाची दप्तरे लावण्यात गेली. ज्याचा कागद नाही त्याचा हक्क नाही, ही त्या नोकरीतली पहिली शिकवण होती.

या संगीताचा उगम कारखान्यात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि ताण कमी पडावा म्हणून तारा सैल ठेवल्या. त्यांतून जो जड, खालचा आवाज निघाला तो त्याच्या ब्लॅक सॅबथ या संचाने १९७० साली जगापुढे आणला. दहा-बारा वर्षांनी अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील पोरांनी तो जडपणा घेतला आणि त्याला विलक्षण गती दिली. मेटालिका या संचाचा पहिला संग्रह जुलै १९८३ मध्ये निघाला. स्लेयर या संचाने १९८६ साली दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवली. त्याच सुमारास जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या रूर खोऱ्यात आणि ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरातही असे संच उभे राहिले. इंग्रजी ‘थ्रॅश’ हा शब्द मळणीच्या शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. कणसे झोडपून दाणे पाडावेत, तसे हे वादन.

आता त्याच्या नादाविषयी. येथे आपल्या परिभाषेचा चांगला उपयोग होतो. या गिटारीवर प्रामुख्याने षड्ज आणि पंचम एकत्र छेडले जातात, गांधार वगळतात. कारण असे की, ध्वनिवर्धकात आवाज मुद्दाम फाडल्यावर स्वरांतून असंख्य उपस्वर उमटतात. त्यांत गांधार घातला तर सारा चिखल होतो, षड्ज-पंचम मात्र तगून राहतात. तंबोऱ्याची जोडी तीच आहे, हे लक्षात घ्यावे. गांधार नसल्याने हर्ष किंवा विषाद असा निवाडा होत नाही, केवळ बळ उरते. त्यावर चाल बांधताना कोमल ऋषभाकडे आणि तीव्र मध्यमाकडे वारंवार झेप घेतात. षड्जाला अगदी खेटून असलेला कोमल ऋषभ पुन्हा पुन्हा आपटला की जी धास्ती निर्माण होते, ती भैरव ऐकणाऱ्यास परकी नाही. फरक एवढाच की येथे तिचे शमन होत नाही.

उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर दाबून ठेवतात. त्यामुळे स्वर लांबत नाही, तुटक ठोका होतो. तार असूनही ते वाद्य जवळजवळ तालवाद्य बनते. फटके पुष्कळदा केवळ वरून खाली मारायचे, उलट फटका घ्यायचा नाही. मिनिटाला दोनशे मात्रांच्या आसपासच्या लयीत हे करणे म्हणजे मनगटाची कसोटी आहे, आणि द्रुत झाला वाजवणाऱ्या कोणाही सतारियास ती ताबडतोब समजेल. खाली ढोलाला दोन्ही पायांनी ठोके, वर ओरडण्याच्या काठावरचे गाणे. जुन्या वळणाचा आग्रह धरणारे म्हणतात की, संगणकाने मात्रा दुरुस्त करू नयेत. माणसाने वाजवताना जे पुढेमागे होते ते राहू द्यावे. हा आग्रह मला फार मराठी वाटतो.

मुंबईत १९९८ साली सेप्टर हा थ्रॅश संच स्थापन झाला. देशातील सर्वांत दीर्घायुषी मेटल संचांत त्याची गणना होते. त्यांचा ‘नाऊ ऑर नेव्हर’ हा छोटा संग्रह २००८ साली आणि ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ हा पूर्ण संग्रह २०१३ साली आला. पंधरा वर्षांनी पहिला पूर्ण संग्रह, यावरूनच स्वतंत्र संचाची आर्थिक स्थिती कळावी. या दुसऱ्या संग्रहाचा विषय स्त्रियांवरील अत्याचार हा आहे. थ्रॅश म्हणजे केवळ आरडाओरड, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवावी. त्या काळी मुंबईच्या धोबीतलावावरील रंगभवन हे या श्रोत्यांचे माहेर होते. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, आणि इस्पितळे-शाळांच्या परिसरातील ते खुले नाट्यगृह अशा मैफलींना बंद झाले. (आपल्या राज्यातही कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. वरातीच्या बँडपुढे त्याचे किती चालते, हे वाचक जाणतातच.)

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र इंदूरची आहे. डिसेंबर २००६ मध्ये तेथे निकोटीन नावाचा हेवी मेटल संच निघाला. नाव मला आवडत नाही. पण मध्य भारतातील मेटल संगीताचे आद्य प्रवर्तक म्हणून वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख केला. त्या संचातील आडनावे पाहावीत : भोसले, मलकापूरकर, गोखले, लोखंडे. ढोलावर हुसेन. ही यादी होळकरी दप्तरातली म्हणून वाचून दाखवली, तर कोणी हरकत घेणार नाही.

त्यांच्या पणजोबांच्या पिढीतील वादकास राजाश्रय होता. देवासला रजबअली खाँ, इंदूरला होळकरांच्या पदरी बीनकार, असा तो काळ. या मुलांना ना दरबार होता, ना आकाशवाणीची श्रेणी, ना घराण्याचे नाव. शब्द इंग्रजी, म्हणून घरातले दूर. गाव माळव्यातले, म्हणून मुंबई-बंगळूरचे आयोजक दूर.

हे आपले नव्हे, असा आक्षेप येईल. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन देवासला आले, आणि अंथरुणावरून रस्त्यावरची माळवी लोकगीते ऐकत राहिले. त्या सुरांना त्यांनी ख्यालाच्या मैफलीत आणले, तेव्हाही पुष्कळ भुवया उंचावल्या होत्या. दोन्हींची तुलना गुणवत्तेच्या अंगाने करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणतो की, माळव्याच्या कानाला जाड नादाचे वावडे कधीच नव्हते. होळीच्या आधी आमच्या भागात भगोरियाचे हाट भरतात. तेथे भिल्लांचे मोठाले मांदळ एकत्र वाजू लागले की छातीच्या पिंजऱ्यात जे हलते, तेच ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे हलते. गोखल्यांच्या घरात जन्मलेल्या मुलाने शेजारच्या मांदळाकडे न वळता कॅलिफोर्नियाकडे वळावे, याचे मला वाईट वाटते, हे लपवत नाही. परंतु तो दोष मुलाचा कमी आणि मांदळ ऐकायला कधी न गेलेल्या आपल्या वाड्यांचा अधिक आहे.

व्यवहाराची गोष्ट अशी की, या काळाचा पुरावा मोडी कागदांपेक्षा वेगाने नष्ट होत आहे. मोडी रुमाल दोनशे वर्षे टिकले. २००६ च्या सुमारास घरी भरलेल्या तबकड्या वीस वर्षांतच वाचता येईनाशा होत आहेत. ज्यांच्या घरी अशा तबकड्या, कार्यक्रमांची भित्तिपत्रके, तिकिटे वा छायाचित्रे असतील, त्यांनी रद्दीत घालण्यापूर्वी संपादकांस पत्राने कळवावे. त्यांवर साल, गाव आणि वाजवणाऱ्यांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवली, तर सूची करण्याचे काम मी करीन.