बांधकामाधीन सदनिकांतील गुंतवणूक (महाराष्ट्र)

बांधकामाधीन सदनिकांतील गुंतवणूक म्हणजे इमारत पूर्ण होण्यापूर्वीच तीतील सदनिका आरक्षित करून टप्प्याटप्प्याने रक्कम भरणे आणि ताबा मिळाल्यावर ती भाड्याने देणे अथवा वाढीव किमतीस विकणे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आदी शहरांत हा प्रकार रूढ आहे. तयार घराच्या तुलनेत आरंभीची किंमत सहसा कमी असते. मात्र अपुऱ्या बांधकामाची जोखीम खरेदीदाराकडे येते. व्यवहारतः तो विकासकाला भांडवल पुरवणारा ठरतो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम, १९६३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम घेता येत असे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०१७ मध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) स्थापन झाले. या अधिनियमातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

* ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची विक्रीपूर्वी नोंदणी आवश्यक असते.
* खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ती केवळ त्या प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवरच खर्च करावी लागते.
* विक्री चटई क्षेत्रावर आधारित असते.
* ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात.
* ताबा लांबल्यास खरेदीदार व्याजासह परतावा मागू शकतो अथवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज घेऊ शकतो.

परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन सदनिका खरेदीदारांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला होता. प्राधिकरणाने आदेशित केलेली रक्कम विकासकाने न भरल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. त्यामुळे आदेश मिळणे आणि पैसे हाती पडणे यांत बराच काळ जाऊ शकतो.

भाड्याचे उत्पन्न

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवल्यामुळे अनेक मालक घर भाड्याने देण्यास नाखूश असत. त्यातून 'लिव्ह अँड लायसन्स' (अनुमती व परवाना) करार रूढ झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर न सोडल्यास मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

वार्षिक भाडे बहुधा घराच्या किमतीच्या २ ते ४ टक्के असते. उदाहरणार्थ, ८० लाख रुपयांच्या सदनिकेचे मासिक भाडे २०,००० रुपये असल्यास उत्पन्न ३ टक्के होते. त्यासाठी ६० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांकरिता घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५२,००० रुपये येतो. म्हणजे भाड्यातून हप्त्याचा दोन-पंचमांशही भाग निघत नाही. उरलेली रक्कम गुंतवणूकदार स्वतः भरतो आणि नफ्याची आशा किमतीच्या वाढीवर अवलंबून राहते. इमारतीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर व घर रिकामे राहण्याचा काळ यांमुळे निव्वळ उत्पन्न आणखी घटते.

कर

१ एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन सदनिकेवर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत १ टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतर विकलेल्या सदनिकेवर तो नसतो. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींवर भरावे लागते. प्राप्तिकरात भाड्यातून मालमत्ता कर वजा केल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

जोखीम

प्रकल्प रखडल्यास खरेदीदारावर कर्जाचे व्याज व राहत्या घराचे भाडे असा दुहेरी भार पडतो. भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा घेतल्यास पाणीजोडणी व पुनर्विक्रीत अडचणी येऊ शकतात. महारेरा नोंदणी ही प्रकल्प वेळेत पूर्ण होण्याची हमी नसते. तथापि प्रकल्पाच्या मंजुऱ्या, प्रगती, वाढवलेली मुदत व त्यावरील कर्जबोजा यांची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते.