घरात लाकडाची नवी जड चूल बसविणे : पेडणे-डिचोलीच्या घरांसाठी माहिती

गॅस आला म्हणून आपल्याकडची चूल गेली नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कितीतरी घरांत आत गॅस आणि मागच्या पडवीत चूल असे दोन्ही नांदते. न्हाणीतल्या भाणाखाली जाळ लागतो, उकड्या तांदळांसाठी भात उकडायचे असते आणि चवथीला सगळे भाऊबंद जमले की मोठी टोपे गॅसवर मावत नाहीत. अलीकडे वडिलोपार्जित घराची दुरुस्ती काढणारी कुटुंबे जुनी मातीची चूल मोडून तिच्या जागी विटांची, वर बिडाचा तवा आणि मागे धुराडे असलेली मोठी चूल घालू लागली आहेत. मंडळाच्या सभासदांकडून याबाबत विचारणा होत असते. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

धुराड्याची चूल ही काही नवी कल्पना नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून ‘मगन चूल’ निघाली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो आटोपता घेतला. त्या काळात देशभर कोट्यवधी चुली बसविल्या गेल्या, पण पुष्कळशा थोड्या वर्षांतच मोडल्या किंवा धुराडे तुंबून बंद पडल्या. पुढे पुण्याच्या ‘आरती’ या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने चुलींवर चिकाटीने काम केले. या सगळ्या खटाटोपातून एक गोष्ट दिसून आली. चूल चांगली असूनही बसविणे आणि साफसफाई नीट नसेल, तर धूर घरातच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख मृत्यू झाले. आपल्या घरांत तो धूर मुख्यतः बायकांच्या आणि त्यांच्या कडेवरच्या मुलांच्या वाट्याला येतो.

जागा छपरावरून ठरवा

बहुतेक लोक जुन्या चुलीचीच जागा कायम धरतात, चूल बांधून घेतात आणि मग नळी कुठून बाहेर काढायची याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. आधी वर बघावे. नळी जितकी सरळ उभी जाईल तितकी ओढ चांगली. वळण घेणे भागच असेल तर काटकोनात एक वळण देण्याऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन द्यावीत.

आपली घरे मंगळुरी कौलांची, खाली लाकडी वासे आणि रिपा. इथेच खरा धोका आहे. साध्या एकपदरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड कमीत कमी ४५ सेंटिमीटर (दीड फूट) दूर असावे, असा परदेशांतील अग्निसुरक्षेचा प्रस्थापित नियम आहे. आता आपला हिशेब पाहा. दोन वाशांत ६० सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. सहा इंची म्हणजे १५ सेंटिमीटरची नळी बरोबर मधोमध घातली, तरी प्रत्येक बाजूला जेमतेम २२ सेंटिमीटर उरतात. म्हणजे एकपदरी नळी आपल्या छपरातून सुरक्षितपणे नेताच येत नाही. छपरातून जाणारा भाग दुपदरी हवा आणि दोन पदरांमध्ये रॉकवूलसारखे न जळणारे भरण हवे. “इतकी वर्षे काही झाले नाही” हे उत्तर गवंड्याकडून हमखास मिळते. पण जुन्या चुलीला धुराडेच नव्हते. तिचा धूर पसरत, थंड होत कौलांतून जात असे. नव्या चुलीत तीच उष्णता एका नळीत कोंडून वर जाते. शिवाय रोज तापणारे लाकूड हळूहळू कोरडे होत करपते आणि काही वर्षांनी पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकते. म्हणून पहिली वर्षे सुखरूप गेली, एवढ्यावर विसंबू नये.

नळीसाठी वासा कापू नये, नळीच वाशांच्या मधे आणावी. त्या जागेच्या रिपा मात्र कापाव्या लागतात. त्यांची टोके आडव्या तुकड्याने बांधून घ्यावीत. कौल काढलेल्या जागी पत्र्याची कॉलर बसते, तिचा वरचा काठ वरच्या कौलाखाली आणि खालचा काठ खालच्या कौलावर यायला हवा. हे उलटे झाले तर पहिल्याच पावसात पाणी चुलीवर येते.

नळीचे वरचे टोक छपराच्या वर किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या परिसरात जो काही उंच भाग असेल त्याच्याही दोन फूट वर असावे. मागच्या पडवीत चूल असली की ही अट जड जाते, कारण पडवीचे छप्पर उतरते आणि मुख्य घराचे आढे उंच. नळी ठेंगणी राहिली की आढ्याला आपटलेला वारा खाली वळतो आणि धूर परत घरात ढकलतो. उंच नळीला तारांचे ताण द्यावे लागतील. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्याच्या बाजूला खारी हवा साध्या पत्र्याला टिकू देत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलचीच नळी घ्यावी. जुन्या कार्यक्रमातले ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप अजून कोणाच्या माळ्यावर पडलेले असतील. ते कापू किंवा घासू नयेत, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

खर्चाचा अंदाज काढताना चूल, नळी आणि गवंडीकाम असे तीन वेगळे आकडे मागा. पुष्कळदा नळीचा खर्च चुलीच्या बरोबरीला येतो आणि पैसे कमी पडले की काटछाट नेमकी तिथेच होते. ऐपत नसेल तर चूल लहान घ्यावी, नळी नव्हे. नळी शक्यच नसेल, तर घराला लागून नसलेल्या, तीन बाजूंनी उघड्या खोपीत चूल ठेवणे केव्हाही बरे.

वजन किती आणि पेलणार कोण

तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी विटांची चूल धरली तर तिचा आकार १२ घनफूट, म्हणजे सुमारे ०.३४ घनमीटर. त्यातला तिसरा हिस्सा पोकळ सोडला, तर बांधकाम सव्वादोन दशांश घनमीटर उरते. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला १,९०० ते २,००० किलो असते. म्हणजे चूल सव्वाचारशे ते साडेचारशे किलोंची झाली. त्यावर बिडाचा तवा. ६० बाय ४० सेंटिमीटरचा, एक सेंटिमीटर जाडीचा तवा सतरा किलोंच्या वर भरतो. भरलेले भाण वेगळेच.

तळमजल्यावर हे वजन काही विशेष नाही, मात्र खालची जमीन पक्की हवी. जुन्या घरांचे जोते माती भरून उंच केलेले असते आणि वाळवीने आत पोकळ्या केलेल्या असतात. पहारीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग खणून, चिरे घालून, वर चार इंच काँक्रीट करावे. चूल एका बाजूला खचली की नळीचा जोड उघडतो आणि धूर तिथून गळू लागतो.

वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार गृहीत धरलेला असतो. आपली चूल अर्ध्या चौरस मीटरवर चारशे किलो ठेवते. डिचोली शहरात किंवा म्हापशाला फ्लॅट घेतलेल्या सभासदांनी हा विचार सोडून द्यावा. वाड्याच्या लाकडी माळ्यावर तर चूल नकोच.

आणणे आणि बांधणे

तयार लोखंडी किंवा बिडाची चूल आणताना ती शक्य तितकी सुटी करून आणावी. तवा, दार, जाळी आणि आतल्या विटा वेगळ्या काढल्या की निम्मे वजन तिथेच कमी होते. बीड कडक पण ठिसूळ असते. हातातून निसटले तर वाकत नाही, तडकते, आणि तडा सहसा सांधता येत नाही. टेम्पो अंगणापर्यंत येत नसेल तर पाणंदीतून फळ्या टाकून, खाली लोखंडी पाइपांचे किंवा पोफळीच्या सरळ तुकड्यांचे रूळ ठेवून ढकलत न्यावी. चार माणसे हवीत आणि सूचना एकानेच द्यावी. जुन्या घरांचे उंबरठे उंच आणि दारे बुटकी. दार आधी मोजावे, उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांचा उतार करावा. पायऱ्यांवरून उतरवताना मागून दोर धरावा, चुलीच्या खालच्या बाजूला कोणी उभे राहू नये. पावसात हे काम काढूच नये.

जाळाच्या पोटात आतून सिमेंटचा गिलावा करू नये. तो तापून भुगा होतो. आतून अग्निरोधक विटा लावाव्यात किंवा आपल्या जुन्या रीतीप्रमाणे रोयणीची माती, भाताचे तूस आणि शेण मळून लिंपावे. लाकडी भिंत, कपाट किंवा सरपणाची रास चुलीपासून तीन फूट दूर असावी. गॅसचा सिलिंडर त्या खोलीतच नसावा. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि चुलीचे तोंडही तिथेच असते.

हवेकडे लोक फार दुर्लक्ष करतात. एक किलो लाकूड पुरते जळायला किमान साडेचार-पाच घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. नवीन खिडक्या-दारे घट्ट बसविलेल्या खोलीत ही हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ आणि सुस्ती ही त्याची लक्षणे. असे वाटले की ताबडतोब बाहेर मोकळ्यावर यावे. न्हाणी लहान आणि दार बंद असते, म्हणून भाणाच्या चुलीचे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवण्याची जुनी रीत सोडू नये.

सरपण आणि देखभाल

ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी आटविण्यात जाळ खर्च होतो, आणि थंड धुरातली चिकट काजळी नळीत बसते. तीच एखाद्या दिवशी नळीत पेट घेते. चवथ भर पावसात येते, म्हणून तिचे लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडून मृग लागण्याआधी आडोशाला रचलेले असावे. करवंट्या आणि पिडे चांगले जळतात, पण भसाभस. बिब्ब्याच्या जातीचे तेल असलेली काजूबियांची टरफले मात्र चुलीत कधीही घालू नयेत. त्यांचा धूर डोळे आणि घसा जाळतो. रंग दिलेले लाकूड आणि प्लायवूड हेही नको. आपल्या भाटातले झाड तोडायचे असले तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

नवी चूल दहा-पंधरा दिवस सावलीत वाळू द्यावी. नंतर तीन-चार दिवस फक्त काटक्यांचा लहान जाळ करावा. पहिल्याच दिवशी भाण चढविले तर आतली ओल वाफ होऊन भेगा पडतात. नळी वर्षातून दोनदा, चवथीआधी आणि पाऊस संपल्यावर, ब्रशने साफ करावी. त्यासाठी नळीच्या तळाशी उघडणारे झाकण बसवून घेणे विसरू नये. टोपीला जाळी लावावी, नाहीतर पक्षी घरटे करतात. नळीत आग लागली तर ‘घूं’ असा मोठा आवाज येतो आणि नळी लाल होते. अशा वेळी नळीत पाणी ओतू नये. चुलीचे दार आणि हवेची वाट बंद करावी, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ वर फोन करावा. पेडणे आणि डिचोली दोन्हीकडे अग्निशामक केंद्रे आहेत.

घराचा विमा असेल तर चूल बसविल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी आणि ती पॉलिसीसोबत ठेवावी. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, पूर्ण निवल्यावरच माडाच्या आळ्यात घालावी. प्लास्टिकच्या बादलीत किंवा पाट्यांच्या माळ्यावर ठेवू नये.