भारतीय हवाई स्वयंसेवक राखीव दल

नागरी जीवनात विमानोड्डाणाचा अनुभव मिळविलेल्या व्यक्तींना युद्धकाळात हवाई दलाच्या सेवेत घेण्याच्या हेतूने १९३९ मध्ये ब्रिटिश अंमलाखालील भारतात उभारण्यात आलेले दल. ‘इंडियन एअर फोर्स व्हॉलंटिअर रिझर्व्ह’ हे त्याचे अधिकृत नाव. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) भारतीय हवाई दलाचा जो विस्तार झाला, त्याचा बराचसा भार या राखीव दलाच्या अधिकाऱ्यांनी वाहिला. मात्र सेवेत दाखल होणे आणि प्रत्यक्ष विमान चालवावयास मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा अनुभव त्यांतील अनेकांना प्रारंभीच आला.

पायदळाच्या राखीव सैनिकाला काही आठवड्यांच्या उजळणीनंतर पुन्हा रणांगणावर पाठविता येते. वैमानिकाचे तसे नाही. त्याचे कौशल्य सरावावर टिकते आणि सराव विमानावर अवलंबून असतो. विमान त्याच्या मालकीचे नसते. त्यामुळे राखीव वैमानिकांची यादी करणे सोपे. त्यांना पुरतील इतकी विमाने, शिक्षक व धावपट्ट्या उपलब्ध करणे कठीण. ब्रिटनने ही अडचण ओळखून १९३६ मध्ये आपले स्वयंसेवक राखीव हवाई दल स्थापिले व नागरी उड्डाणशाळांमधून तरुणांना मुख्यतः सुटीच्या दिवशी शिक्षण देण्याची सोय केली. युद्ध सुरू झाले तेव्हा या दलात सहा हजारांहून अधिक वैमानिक होते. भारतात अशी कोणतीही पूर्वतयारी नव्हती. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाची सप्टेंबर १९३९ मध्ये एकच स्क्वॉड्रन होती आणि तिचे भारतीय अधिकारी अवघे १६ होते.

सैन्याबाहेर मात्र उड्डाणविद्या जाणणारे भारतीय होते. १९२८–२९ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची इ. ठिकाणी उड्डाणमंडळे निघाली. मुंबईच्या मंडळात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने तोडणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी जाहीर केलेले पारितोषिक १९३० मध्ये अस्पी इंजिनियर यांनी जिंकले. त्याच स्पर्धेत मनमोहनसिंग यांनीही सफर पुरी केली होती. परंतु ती नियत मुदतीत न बसल्याने पारितोषिक हुकले. या मंडळींपैकी पुष्कळांना उड्डाण हा छंद होता. काहींना टपाल व प्रवासी वाहतुकीच्या कंपन्यांत नोकऱ्या मिळाल्या. ब्रिटिश शाही हवाई दलाचे दार मात्र त्यांना बंद होते. त्या दलात अधिकारपद मिळविण्यासाठी युरोपीय वंशाची अट असे. ऑक्टोबर १९३९ मध्ये ती युद्धकाळापुरती शिथिल झाली. पण तत्त्वापेक्षा माणसांची निकड हेच त्यामागचे कारण होते, असे म्हणावे लागते.

राखीव दलातील वैमानिकांना पहिले काम मिळाले ते किनारा-संरक्षण तुकड्यांत. मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची व कोचीन येथे अशा पाच तुकड्या उभारण्यात आल्या. पुढे विशाखापटनम् येथे सहावी निघाली. बंदरांकडे येणाऱ्या जहाजांच्या काफिल्यांवर नजर ठेवणे व समुद्रावर टेहळणी करणे हे त्यांचे कार्य. त्यांत नागरी परवाना असलेले भारतीय आणि भारतात राहणारे युरोपीय असे दोन्ही वैमानिक होते. त्यांना दिलेली ‘वापिटी’ ही दोन पंखी विमाने १९२७ सालच्या आराखड्याची होती. एका इंजिनावर चालणारे, उघड्या बैठकीचे हे विमान समुद्रावर दूरवर नेणे जोखमीचे होते आणि तासन्‌तास उडूनही शत्रूचे जहाज दृष्टीस पडण्याचा संभव अल्प. काही तुकड्यांना पुढे प्रवासी कंपनीकडून ताब्यात घेतलेली चार इंजिनांची ‘अटलांटा’ विमाने देण्यात आली. सुंदरबन परिसरातील टेहळणीसाठी त्यांचा उपयोग झाला. उतारूंची विमाने लष्करी कामाला आणि उतारू-विमानांचे वैमानिक लष्करी गणवेशात, असा तो एकंदर प्रकार होता.

नीरस टेहळणीचे हे स्वरूप डिसेंबर १९४१ मध्ये एकाएकी पालटले. जपानने ब्रह्मदेशावर स्वारी करताच कराचीची चौथी तुकडी चार ‘वापिटी’ व दोन ‘ऑडॅक्स’ विमानांसह मोलमीनला रवाना झाली. जपानी बाँबहल्ल्यांत तिची बहुतेक विमाने नष्ट झाली. जानेवारी १९४२ च्या अखेरीस तिची जागा कलकत्त्याच्या तिसऱ्या तुकडीने घेतली. तिच्याजवळ चार ‘ब्लेनहाइम’ विमाने होती आणि सुमारे महिनाभर रंगूनला येणाऱ्या जहाजांना हवाई संरक्षण असे जवळजवळ त्यांचेच होते. काल-परवापर्यंत नागरी असलेल्या वैमानिकांच्या हाती चार विमाने देऊन एका बंदराचे रक्षण सोपवावे लागले, यावरून पूर्वेकडील हवाई सिद्धतेची कल्पना येते.

दरम्यान राखीव वैमानिकांचा एक गट परदेशी गेला होता. फ्रान्सच्या पाडावानंतर ब्रिटनला वैमानिकांची तीव्र टंचाई जाणवू लागली, तेव्हा परवानाधारक भारतीयांकडून अर्ज मागविण्यात आले. निवडलेले २४ जण राखीव दलात अधिकारी म्हणून नेमले गेले आणि १९४० च्या उत्तरार्धात मुंबईहून जहाजाने निघून, लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना इंग्लंडला पोहोचले. आपण आता लढाऊ विमाने चालविणार अशी त्यांची समजूत असली, तर ती लवकरच दूर झाली असावी. मंडळाच्या हलक्या विमानांवर मिळविलेल्या परवान्याला तेथे फारसे मोल नव्हते. प्राथमिक शाळेपासून पुन्हा शिकावे लागले. प्रत्येक टप्प्यावर कस लागला आणि सर्वच जण युद्धमोहिमांस योग्य ठरले नाहीत. जे ठरले त्यांतील काही लढाऊ, तर काही बाँबफेकी स्क्वॉड्रनांत गेले. बाँबफेकी विमानांवर गेलेल्यांत शिवदेव सिंग होते. त्यांनी जर्मनीवरील मोहिमांत भाग घेतला आणि स्वातंत्र्योत्तर काळात ते भारतीय हवाई दलाचे उपप्रमुख झाले. याच गटातील रंजन दत्त यांना पुढे वीरचक्र मिळाले. कित्येक जण मात्र परत आले नाहीत.

या गटातील महिंदरसिंग पुजी (१९१८–२०१०) यांचा वृत्तांत विशेष परिचित आहे. सिमल्यात जन्मलेले पुजी दिल्लीच्या उड्डाणमंडळात शिकले व युद्धापूर्वी हिमालय एअरवेज या कंपनीत वैमानिक होते. १९४१ मध्ये ४३ व नंतर २५८ या स्क्वॉड्रनांतून त्यांनी ‘हरिकेन’ विमाने चालविली. पगडीवरच श्रवणयंत्रे बसवून ते उड्डाण करीत. एका अपघाती अवतरणात पगडीच्या घड्यांमुळेच डोके बचावले, असे ते पुढे सांगत. उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी आघाडीनंतर ते भारतात परतले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि १९४५ मध्ये त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक देण्यात आले.

आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेतील मनमोहनसिंग हेही राखीव दलातूनच शाही हवाई दलाच्या किनारा विभागात गेले. अटलांटिकवर त्यांनी ‘संडरलँड’ व पूर्वेकडे ‘कॅटॅलिना’ या पाण्यावर उतरणाऱ्या अवजड विमानांचे सारथ्य केले. एकटा वैमानिक, छोटे विमान आणि स्वतः आखलेली वाट या त्यांच्या पूर्वायुष्यापेक्षा हे काम अगदी वेगळे होते. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रूम येथे जपानी विमानांनी बंदरात उभ्या असलेल्या जलविमानांवर हल्ला केला. त्यात ते मृत्यू पावले.

राखीव दलात घेतल्यावरही वैमानिकाला बैठक न मिळण्याचे बोलके उदाहरण म्हणजे प्रतापचंद्र लाल (१९१६–८२). विद्यार्थिदशेतच त्यांनी हौशी वैमानिकाचा परवाना मिळविला होता आणि त्यामुळेच नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांची राखीव दलात नेमणूक झाली. पण दलाला त्यावेळी नॅव्हिगेटर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आखणारे अधिकारी हवे होते. लाल यांना ते शिक्षण देण्यात आले व नंतर शिक्षकाच्या कामावर गुंतविण्यात आले. आघाडी पेटलेली असता शिकविण्यात वर्षे जावीत, हे तरुण वैमानिकाला रुचणे शक्य नव्हते. पण चांगल्या शिक्षकाला शाळा सोडू देत नाहीत हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि विस्तार पावणाऱ्या दलाची ती गरजही होती. लष्करी वैमानिकाचे शिक्षण घेऊन अखेर १९४३ मध्ये ते ७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये ‘व्हेंजन्स’ या सूरमारू बाँबफेकी विमानावर रुजू झाले. पुढच्याच वर्षी तिचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. १९४५ मध्ये त्यांनाही पुजींप्रमाणेच पदक मिळाले. १९७१ च्या युद्धात हेच लाल भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

१९४० पासून लाहोरजवळील वॉल्टन व अंबाला येथील शाळांतून नवे वैमानिक तयार होऊ लागले. त्यांच्या नेमणुकाही राखीव दलातच होत. त्यामुळे ‘राखीव’ या शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर नोव्हेंबर १९४० मध्ये असेच दाखल झाले. ते १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. किनारा-संरक्षण तुकड्या १९४२ च्या अखेरीस मोडण्यात आल्या व त्यांतील वैमानिक नियमित स्क्वॉड्रनांत विखुरले गेले. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५२ मध्ये राखीव व साहाय्यक हवाई दलांचा अधिनियम संमत केला. त्यात निवृत्त सैनिकांचे राखीव दल व साहाय्यक हवाई दल यांबरोबरच नागरी वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी हवाई संरक्षण राखीव दलाची वेगळी तरतूद करण्यात आली.