बोलता न येणाऱ्यांची भाषा : खुणेपासून चिन्हापर्यंतचा इतिहास



गुहागरात बोलायला उभं राहिलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. समोर बसलेल्यांपैकी काहींनी मला परकर-पोलक्यात पाहिलेलं आहे, त्यामुळे इथे प्राध्यापकी चालत नाही. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी शंकराचार्यांवर किंवा फार तर ज्ञानेश्वरीवर बोलेन. मी म्हटलं, नाही. ज्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, कित्येकांना दिसतही नाही, अशा मुलांना आपलं म्हणणं सांगायला माणसांनी कसं शिकवलं, त्याचा इतिहास सांगते. यात तत्त्वज्ञान कुठे आलं, असं तुम्ही विचाराल. येईल, ओघाने येईल.

सुरुवात आमच्या वाडीतून करते. साधारण साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या घरात एक मुलगा होता. जन्मापासून बोलत नव्हता, मान नीट धरत नव्हता, सरपटत फिरायचा. त्याची आत्या संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन सुरूच्या बनातून समुद्रावर न्यायची. एक दिवस भर दुपारी तो सरपटत पडवीत गेला, आत्याच्या चपला तोंडात धरून माजघरात घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग घरातल्यांनी काय केलं? चपला उंच फळीवर ठेवल्या. घाणेरडी सवय लागली म्हणाले. आम्ही पोरंही हसलो.

पुढे भाषेचं तत्त्वज्ञान शिकवायला लागले आणि एकदा वर्गात अर्थ म्हणजे काय हे समजावताना माझी जीभ अडखळली. त्या मुलाने त्या दुपारी एक शब्द तयार केला होता. चपला म्हणजे समुद्र, चपला म्हणजे 'मला ने'. समोर नसलेल्या गोष्टीसाठी त्याने दुसरी वस्तू उभी केली होती. आणि आम्ही त्याचा तो एकुलता एक शब्द फळीवर ठेवून दिला.

आता थोडं शास्त्र. धूर दिसला की आग आहे हे कळतं, पण धूर आपल्याला काही सांगू पाहत नाही. बाळ रडतं तेव्हा भूक लागल्याचं आईला कळतं, तेही सुरुवातीला धुरासारखंच. मग बाळाच्या लक्षात येतं की रडलं की आई येते, आणि ते आईकडे बघून रडायला लागतं. हा पहिला टप्पा, हेतूचा. त्यानंतर हात पुढे करणं, बोट दाखवणं. आणि त्यानंतर चिन्ह, म्हणजे एका गोष्टीने दुसरी गोष्ट सांगणं. अमेरिकेत चॅरिटी रोलँड यांनी १९९० मध्ये संवादाच्या अशा सात पायऱ्या मांडल्या. त्यात चिन्ह पाचव्या पायरीवर येतं आणि भाषा सातव्या. आमचा शेजारी कोणाच्याही शिकवण्याशिवाय पाचवीवर पोचला होता!

मूल शब्दाचा अर्थ शिकतं कसं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी आणि नैयायिकांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातला. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं : घरातला वडीलधारा माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणतो, 'गाय आण'. तो गाय आणतो. मग म्हणतो, 'गाय बांध'. मग, 'घोडा आण'. बाजूला बसलेलं मूल हे बघत असतं. कोणता शब्द आला, कोणता गेला, आणि त्याबरोबर काय बदललं, यावरून ते अर्थ उचलतं. याला म्हणतात वृद्धव्यवहार, आणि शब्द घालून-काढून बघण्याच्या या रीतीला आवाप-उद्वाप. यातली मेख लक्षात घ्या. मुलाला कोणी विचारत नाहीये, 'हे काय आहे, सांग बघू?' त्याची परीक्षा चाललेली नाही. मोठी माणसं आपापसात शब्द वापरतायत आणि मूल तिथे बसलंय, एवढंच.

आज मला जे एक सांगायचंय ते यातच आहे. चिन्ह हे आधी वापरातून दिसावं लागतं, आणि ज्या मुलाभोवती त्याच्या हाती येण्याजोगी चिन्हं कोणी वापरतच नाही, ते शिकणार कुठून?

मराठीत दोन सुंदर शब्द आहेत, करपल्लवी आणि नेत्रपल्लवी. करपल्लवीत हाताच्या खुणांनी बोलायचं. सापाच्या फण्याची खूण केली की स्वर, कमळाची केली की क-वर्ग, चक्राची केली की च-वर्ग, मग बोटांनी वर्गातलं कितवं अक्षर ते दाखवायचं. नेत्रपल्लवी डोळ्यांची. आज हातपाय न हलवता येणारं मूल नजर रोखून तक्त्यावरचं चित्र दाखवतं, ती नेत्रपल्लवीच नाही का? फरक एवढाच की आपली करपल्लवी ज्याला अक्षरं आधीच येतात त्याच्यासाठी होती. ज्याला पहिला शब्दच मिळालेला नाही, त्याचं काय?

त्यासाठी आपल्याला १८३७ साली बॉस्टनला जावं लागेल. लॉरा ब्रिजमन नावाची सात वर्षांची मुलगी पर्किन्स अंधशाळेत आली. दोन वर्षांची असताना तापात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं होतं. डॉ. सॅम्युएल हाउ यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. लॉरा चिठ्ठ्या जुळवायला शिकली, पण सुरुवातीला ती नुसती नक्कल होती. पुष्कळ घोकून झाल्यावर कधीतरी तिला उमगलं की या चिठ्ठ्यांनी आपल्याला काही सांगता येतं. हा झाला तालमीचा मार्ग.

पुढे पन्नास वर्षांनी त्याच शाळेतली अ‍ॅन सुलिव्हन बोटांची अक्षरं शिकून मार्च १८८७ मध्ये हेलन केलरच्या घरी गेली. पंपाखाली हात धरून 'पाणी' शब्द उमगला ती ५ एप्रिलची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण माझ्या दृष्टीने त्यानंतरचा आठवडा महत्त्वाचा. सुलिव्हनबाईंनी घरातल्या सव्वा वर्षाच्या एका बाळाकडे बघितलं. त्याला कोणी धडे देत नव्हतं, तरी ते बोललेलं समजत होतं. त्यांनी ठरवलं, आपण बाळाच्या कानात जसं बोलतो तसं मी हेलनच्या हातात बोलणार, पूर्ण वाक्यांत, दिवसभर. तिने लगेच उत्तर द्यावं अशी अपेक्षा न ठेवता. म्हणजे बघा, मीमांसकांचा वृद्धव्यवहार अलाबामातल्या एका घरात अवतरला! बाईंनी आपले ग्रंथ वाचले नव्हते, त्यांनी मूल नीट बघितलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. १९४४ साली मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली, कारण तिला घेईल अशी शाळा नव्हती. आज शिवडीला ती संस्था मोठी उभी आहे. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी केंद्र काढलं, तेही आपल्या मुलीच्या, मालिनीच्या निमित्ताने. मालिनी छिब यांचं बोलणं लोकांना समजत नसे, पण एका बोटाने त्या टंकलेखन करत. त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि २०१० मध्ये आत्मचरित्र लिहिलं, 'वन लिटल फिंगर'. १९७७ मध्ये बेरोझ वाच्छा यांनी मुंबईतच बहिऱ्या-अंध मुलांसाठी हेलन केलर संस्था सुरू केली. हेलनबाई स्वतः १९५५ मध्ये भारतात येऊन गेल्या होत्या.

याच सुमारास टोरांटोला एक गंमत घडली. चार्ल्स ब्लिस नावाचा एक ज्यू रसायन अभियंता नाझींच्या छावण्यांतून सुटून शांघायला गेला. तिथे चिनी चित्राक्षरं पाहून त्याला वाटलं, अशी चिन्हं करावीत की जी कुठल्याही भाषेचा माणूस वाचेल आणि शब्दच्छलातून होणारी युद्धं थांबतील. लायब्निझ या तत्त्ववेत्त्याचं हे जुनं स्वप्न. ब्लिसने १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातून ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये टोरांटोच्या एका केंद्रातल्या शिक्षिका शर्ली मॅकनॉटन यांच्या हाती तो पडला आणि त्यांनी ती चिन्हं बोलता न येणाऱ्या मुलांपुढे ठेवली. मुलं त्यांतून बोलू लागली. ब्लिस आधी हरखला, नंतर संतापला, कारण शिक्षिका गरजेप्रमाणे चिन्हं बदलत होत्या. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. त्याला जगात शांतता हवी होती आणि मुलांना आपल्या मनातलं सांगायचं होतं. माझ्या मते मुलांचा उपयोग जास्त खरा.

पण चित्रंही ज्यांना कळत नाहीत किंवा दिसत नाहीत त्यांचं काय? नेदरलँड्समध्ये यान वान डायक यांनी १९६० च्या दशकात बहिऱ्या-अंध मुलांसाठी वस्तूच चिन्ह म्हणून वापरल्या. ओळीने खण. पहिल्यात चमचा, म्हणजे जेवण. दुसऱ्यात टॉवेल, म्हणजे पोहणं. मूल खण चाचपतं आणि त्याला कळतं की आता काय, नंतर काय. काम झालं की वस्तू 'संपलं'च्या पेटीत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या मुलुखात त्याच दशकात एक शिक्षक वस्तूतून भाषा शिकवत होता, आणि इथे आम्ही चपला फळीवर ठेवत होतो.

तर मग अडलं कुठे? पैशावर अडलं म्हणाल, तर चमचा आणि टॉवेल प्रत्येक घरात आहे. अडलं ते एका समजुतीवर, की मूल आधी 'तयार' हवं. १९७०-८० च्या दशकांत पाश्चात्त्य तज्ज्ञही सांगत की पियाजेने सांगितलेली बुद्धीची अमुक पायरी गाठल्याशिवाय मुलाला चिन्हं देऊन उपयोग नाही. आधी बोट दाखवू दे, आधी चित्रं जुळवू दे, मग बघू. मुलाचं वय वाढायचं आणि 'मग बघू' तसंच राहायचं. हळूहळू लक्षात आलं की ही तयारी चिन्हं वापरूनच येते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने संवादाच्या हक्कांची सनदच काढली, अपंगत्व कितीही तीव्र असो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल, स्पर्शाची भाषा, खुणा आणि पर्यायी पद्धती स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

आणि याबाबतीत आपल्या देशाने एक फार मोठं काम आधीच करून दाखवलं होतं. १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चित्र, बैलजोडी, झोपडी, असं. तेव्हा कोणी म्हटलं का, की आधी साक्षर व्हा, मग मत द्या? मत आधी दिलं, चिन्हं हाती दिली आणि लोक ती वापरूनच शिकले. जो न्याय प्रौढांना लावला, तो या मुलांना लावायला आपण इतका उशीर का केला?

आता मराठीबद्दल एक, कारण इंग्रजी तक्ते तसेच्या तसे उतरवून चालत नाही. चहा हवा, पोळी हवी, पाणी हवं. एका चित्राखाली यातलं कुठलं लिहायचं? शिक्षकांचा तिथे गोंधळ होतो. पण 'नको' बघा. चहा नको, पोळी नको, पाणी नको. शब्द जराही बदलत नाही. एका शब्दात पूर्ण वाक्य! तशीच 'दे', 'पुरे', 'आणखी', 'थांब', 'संपलं'. कुठेही चालणाऱ्या अशा मोजक्या शब्दांवर आता जगभर भर दिला जातो. अमेरिकेतल्या एका प्रकल्पाने तर फक्त ३६ शब्दांचा संच केला आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं अ‍ॅप मराठीतही बोलतं. मात्र यंत्र असो वा पुठ्ठा, मुलाला नुसतं 'पाणी', 'जेवण', 'शू' देऊन थांबू नका. त्याला 'नको' द्या. नाही म्हणता येत नाही तोवर माणूस दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं असतो. आणि त्याने 'नको' दाखवलं की ते ऐका, नाहीतर तो शब्द खोटा ठरेल.

सभा संपल्यावर कोणी विचारेल, आमच्या घरी, आमच्या ओळखीत असं मूल आहे, काय करू? एक करा. समुद्रावर न्यायच्या आधी दर वेळी त्याच्या हातात तीच चप्पल द्या. जेवायच्या आधी तीच वाटी. तोंडाने 'चला' म्हणा आणि तक्त्यावरच्या चित्रालाही स्वतः बोट लावा. उत्तर मागू नका. दिवस जातील, महिने जातील. तुम्ही वापरत राहा, ते बघत राहील.

आमचा तो शेजारी तिशी गाठायच्या आत गेला. आत्या त्याआधीच गेली होती आणि नंतर त्याला समुद्रावर कोणी नेलं नाही. त्याला दुसरा शब्द मिळाला नाही, कारण पहिलाच आम्ही ऐकला नव्हता. तेवढं सांगायला मी आज आले. उद्या तुमच्या पडवीत कोणी चपला घेऊन आलं, तर त्या फळीवर ठेवू नका. पायात घाला आणि त्याला घेऊन निघा.