वायफायला कसं कळतं, जोडलं ते मोबाइल की प्रिंटर?

गडचिरोली/चंद्रपूर : भारतनेटची फायबर लाइन सुरू असलेल्या ग्रामपंचायतीत एकाच राउटरवर कार्यालयाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरा अन् बाहेर ओट्यावर बसलेल्या पोरांचे मोबाइल चालतात. राउटरची यादी उघडली की कुठं ‘अँड्रॉइड’ दिसतं, कुठं प्रिंटर कंपनीचं नाव. हे कुणी टाइप केलेलं नसतं.

वायफाय जोडताच यंत्र आधी ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतं. राउटर त्याला रिकामा आयपी पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे आज चालणारे मूळ नियम १९९७ चे आहेत. ओळख पटते ती या हाकेतूनच.

हाकेत मॅक पत्ता असतो, बारा अंक-अक्षरांचा. त्यातले पहिले सहा सहसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे. ते आयईईई ही संस्था वाटून देते. विंडोजचा संगणक सोबत ‘एमएसएफटी ५.०’ असं सांगतो, अँड्रॉइड मोबाइल ‘अँड्रॉइड-डीएचसीपी’. शिवाय प्रत्येक यंत्र कोणकोणती माहिती हवी याची यादी पाठवतं. ती यादी अन् तिचा क्रम यंत्रागणिक वेगळा. पगमार्क पाहून वाघ की बिबट सांगतात, तसंच हे. पण अंदाजच, पुरावा नव्हे. मोबाइल नंबर, आधार किंवा फोटो या हाकेत नसतात.

खरी भानगड इथून पुढं. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून मोबाइल खऱ्या मॅकऐवजी बनावट पत्ता दाखवतात, तेही सेटिंग न बदलता. एका वायफायवर तो बहुधा तोच राहतो, पण सेटिंगमधून बदलता येतो. म्हणून ग्रामपंचायतीनं एखादा मोबाइल मॅकवरून ब्लॉक केला तरी तो नव्या पत्त्यानं परत येऊ शकतो. पासवर्ड बदलणं जास्त कामाचं. आणि यादीत एखाद्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून तिचा मोबाइल वापरणाऱ्या पोरावर आळ घेणं तर साफ चूक.

असा बनावट पत्ता ओळखायचा असेल तर मॅकमधलं दुसरं अक्षर पाहावं. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कंपनीनं दिलेला नसून यंत्रानंच बनवलेला असतो. प्रिंटरचा मॅक मात्र सहसा बदलत नाही, म्हणून राउटरमध्ये त्याच्यासाठी एकच आयपी राखून ठेवता येतो.