उमेदवारी आणि पदवी : कागल परिसरातील व्यवस्थापन-शिक्षणाच्या मोलाचा विचार

संस्कृतातील 'पदवी' या शब्दाला मार्ग, पाऊलवाट असाही अर्थ आहे. मराठीत मात्र दर्जा व उपाधी हेच अर्थ उरले. फारसीतून आलेला 'उमेदवार' म्हणजे आशा बाळगणारा. निवडणुकीचा अर्थ त्याला चिकटण्यापूर्वी, पुढे नोकरी मिळेल या आशेवर बिनपगारी काम शिकणारा मनुष्य असा त्याचा अर्थ मराठीत रूढ होता. पोर्तुगीजांकडून आलेला 'मेस्त्री' हा या उमेदवाराचा गुरू. करवीर भागातील औद्योगिक ज्ञानाचा इतिहास या तीन शब्दांभोवती फिरतो. आज कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत नोकरीची अपेक्षा धरणारा तरुण व्यवस्थापनाच्या पदवीसाठी दोन वर्षे व कुटुंबाची पुंजी खर्ची घालतो, तेव्हा त्या व्यवहाराचे मोल ठरविताना हा इतिहास उपयोगी पडतो.

प्रथम खर्चाचा विचार करू. शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क, ही समजूत अपुरी आहे. कागल येथे जन्मलेल्या आनंद यादव यांच्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कुळाने शेती कसणारा बाप मुलाच्या शाळेला विरोध करतो. त्याला खुपते ती केवळ फी नव्हे. मळ्यातील दोन हात कमी होतात, हे त्याचे खरे दुःख आहे. अर्थशास्त्रज्ञ ज्याला संधित्यागाचा खर्च म्हणतात, तो या कुळवाड्याला पुस्तकाविना कळला होता.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी या खर्चाचे वेगवेगळे भाग नेमके ओळखले होते, असे त्यांच्या धोरणावरून दिसते. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली. कारण खेड्यातील मुलाला शाळेच्या फीपेक्षा शहरातील निवारा व अन्न अधिक दुर्लभ होते. १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. फी माफ करूनही मूल शेतातच राहू शकते, याची ही जाणीव होय. तिसऱ्या भागाला, म्हणजे बुडणाऱ्या मजुरीला, उत्तर शोधले ते कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून त्यांनी काही काळ काम केले होते. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत त्यांनी 'कमवा व शिका' हे तत्त्व रुजविले.

आता मोलाचा विचार. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईत रेखाटनाचे शिक्षण घेतले व पुढे तेथेच अध्यापनही केले. परंतु १९१० साली किर्लोस्करवाडी वसविताना त्यांच्या गाठीशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांचे पुत्र शंतनुराव मात्र १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. याचा अर्थ पिता अडाणी व पुत्र ज्ञानी असा नव्हे. कारखाना मालकाच्या नजरेच्या टप्प्यात असतो तोवर अनुभव पुरतो; तो त्या टप्प्याबाहेर वाढला की लेखी पद्धती, हिशेब व नियोजन यांची गरज भासते.

कोल्हापुरातही हेच घडले. शेतीची इंजिने, उसाचे चरक व त्यांचे सुटे भाग यांवर पोसलेली ओतकामाची कला मेस्त्रींच्या हाताखाली वाढली. पुढे दूरच्या वाहन-उद्योगाला व परदेशी ग्राहकाला माल पुरवू लागल्यावर गुणवत्तेच्या नोंदी, मुदतीचे करार व खर्चाचे पृथक्करण अपरिहार्य झाले. शिक्षणसंस्थांचा क्रमही याला समांतर आहे : मुंबईत १९१३ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ, १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था आणि १९७६ साली कोल्हापुरात छत्रपती शाहूंच्या नावाची व्यवसाय-शिक्षण संस्था.

तथापि पदवी जसजशी सुलभ होते, तसतसे तिचे केवळ उपाधी म्हणून असलेले मोल घटते; उरते ते ज्ञानाचे मोल. हे ज्ञान भट्टीजवळ उभे राहिल्याविना पक्के होत नाही. ओतकामात किती माल नापास होतो हे ज्याने पाहिले नाही, त्याला खर्चलेखनाचे कोष्टक निर्जीव वाटते. ज्याने पाहिले आहे, त्याला त्याच कोष्टकात तोट्याचे मूळ सापडते. म्हणूनच दोन-चार वर्षे कारखान्यात काढून मग पदवीकडे वळणारा विद्यार्थी त्याच शुल्कात अधिक शिकतो. सायंकाळच्या वर्गांची सोय असल्यास त्याची मजुरीही बुडत नाही. याउलट जमीन गहाण टाकून, कोणतेही काम न पाहता घेतलेली पदवी ही कर्जाची खात्री देते, नोकरीची देत नाही.

तात्पर्य, उमेदवारी व पदवी यांत निवड करावयाची नसून त्यांचा क्रम लावावयाचा आहे. वसतिगृहांनी निवाऱ्याचा व 'कमवा व शिका' या तत्त्वाने मजुरीचा प्रश्न या भूमीत पूर्वीच हाताळला आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांनी हा वारसा मनावर घेतला, तर 'पदवी' या शब्दाला त्याचा मार्ग हा अर्थ पुन्हा लाभेल.